ताटातलं नाव

आईचं माहेरचं नाव एका फुलाचं होतं. आजोबा उमरेडला लुगडी विणायचे. आई जन्मली तेव्हा मागावरच्या काठात जे फूल उतरत होतं, त्याचंच नाव त्यांनी लेकीला दिलं. लग्नात बाबांनी ताटातल्या तांदळावर अंगठीनं लक्ष्मीचं एक नाव लिहिलं आणि ते फूल तिथंच संपलं. नाव आजीनं ठरवलेलं; बाबांनी नुसतं गिरवलं. मला याचा भयंकर राग यायचा.

"तुले काहून राग नाही आला वं, आई?"

"साऱ्याच पोरींचं बदलते," ती म्हणायची आणि विषय संपवायची.

परवा मनीषनगरच्या फ्लॅटमध्ये बाबा तांदूळ निवडत बसले होते. चष्मा कपाळावर, म्हणजे खडे काही दिसत नव्हते. मी वाकून पाहिलं, तर ताटात बोटानं आईचं माहेरचं नाव लिहिलेलं. आईनंही पाहिलं.

"आता सुचलं का तुम्हाले?" म्हणत ती तरातरा स्वयंपाकघरात गेली.

त्या दिवशी तिनं डब्यातले दुसरे तांदूळ शिजवले. ते ताट अजून फ्रिजवर आहे, पंख्याच्या हवेनं अक्षरं विस्कटू नयेत म्हणून झाकून ठेवलेलं.