प्रसादाला व्यसन कोण म्हणतं?

उमरीच्या चांगुणाबाईची दोन वर्षं न्हाणीच्या दारातच गेली. नवरा शिवमूर्ती सकाळपासून ओकायचा, पोट धरून वाकायचा आणि अंगावर कढत पाणी पडलं की तेवढा वेळ बरा राहायचा. दिवसाला आठ-दहा अंघोळी! सरपण पुरेना. शेजारणी म्हणायच्या, बाहेरचं काही तरी हाय. गंडेदोरे झाले, दुर्बीण घालून पोट पाहिलं, काही म्हणून सापडेना.

दर दवाखान्यात विचारायचे, व्यसन काही? बाई ठसक्यात सांगायची, न्हाई. खोटं नव्हती बोलत बिचारी. दारूला शिवत नव्हता तो. मठातली गांजाची चिलीम तेवढी वीस वर्षं, रोज तीनदा. पण तो प्रसाद!

नांदेडच्या डॉक्टरीणबाईंनी भलतंच विचारलं, अंघोळ किती वेळा करतात? आणि मग चिलीम बाहेर आली. त्यांनी नीट समजावलं. भूक लावायला, मळमळ आवरायला शरीर स्वतःच एक रस थोडाथोडा तयार करतं. गांजाचा अर्क नेमका त्या रसाच्याच जागी जाऊन बसतो. थोडा असला तर उलटी थांबवतो. वर्षानुवर्षं मारा झाला की एखाद्याला तोच उलटी आणतो. चरबीत मुरतो, निघायला कित्येक आठवडे लागतात. कढत पाण्यानं घडीभर बरं वाटतं, एवढंच.

"मावशी, सोडणं हेच औषध. उलट्यांनी अंगातलं पाणी असंच आटत राहिलं तर किडन्या जातील."

बाई एसटीत रडली. आपणच आपल्या तोंडानं दोन वर्षं न्हाई म्हणालो, हे तिला गिळवेना.

शिवमूर्तीनं अकरा दिवस चिलीम सोडली. उलटी काही लगेच थांबली नाही. बाराव्या दिवशी मठातला सटवाजी आला, म्हणाला, प्रसाद सोडला म्हणूनच हे भोग. त्यानं भरून दिलेली चिलीम बाईनं नवऱ्याच्या हातातून हिसकावली.

"अवो, मरताल की!"

"ह्यानंच थांबती, मला ठाव हाय," तो म्हणाला आणि चिलीम परत घेतली. आणि खरंच, दुपारभर थांबली! आता त्याला काय कप्पाळ समजवावं?

दिवस कलला तसा तो पुन्हा वाकला. "चांगुणा, पाणी ठेव."

ठेवायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं. पाणी मिळतंय तोवर चिलीम सुटायची नाही, हे तिला पुरतं कळलं होतं. तो न्हाणीत लेकरासारखा कण्हत होता. तिनं डोळे पुसले आणि चुलीत काडी लावली.