सरळ केलेल्या सहा ओळी

दोन हजार चोवीस साल. मला एकाहत्तर पुरी झाली होती. दात अर्धे गेले होते, पण डोळे शाबूत होते आणि हात अजून थरथरत नव्हता. हाताचा मला फार गर्व.

मी पाट्या रंगवणारा. पोर्तुगीज गोव्यातून गेले त्या वर्षी मी शाळेत होतो, आणि त्यांच्या पाठोपाठ मीही शाळेतून गेलो. तिसरीच्या पुढचं मला काही विचारू नका. पण डिचोलीत खाणी जोरात होत्या तेव्हा ट्रकांचे नंबर, दुकानांच्या पाट्या, देवळाच्या कमानीवरची अक्षरं, बरंच काही माझ्या हातचं होतं. इंग्रजी मला वाचता येत नाही, काढता येतं. समोर नमुना ठेवा, मी तसाच उतरवून देईन, आणि नमुना वाकडा असेल तर सरळ करून देईन. गिऱ्हाईक म्हणायचं, "पेंटर, हे एवढं एक अक्षर पुसट झालंय, तेवढं भर." मी अख्खी पाटी नव्याने करायचो. वाकड्या ओळीत माझा ब्रश फिरला असं कुणी म्हणता कामा नये. पुढे फ्लेक्स आले, कुणाला ब्रश लागेना. तरी माझी खोड गेली नाही. कुठे लग्नपत्रिका हातात आली तरी मी ती आधी डोळ्यासमोर आडवी धरून बघतो.

घरात आम्ही दोघंच, मी आणि मुलगी. बायको वारली त्याला काही वर्षं झाली. मुलगी पेडण्याच्या आमच्या घरातूनच कॉम्प्युटरवर नोकरी करते. लग्न नको म्हणते. तो विषय मी सोडला, म्हणजे तिने मला सोडायला लावला.

ती नक्की काय करते ते मला माहीत नव्हतं, आणि माहीत नाही असं गावात सांगणं मला जमत नाही. चहाच्या दुकानात एकाने मुलीचं विचारलं, "पेंटर, चेडू तुझा घरात बसान काय करता रे?" मी सांगून टाकलं, मोपाच्या विमानतळावरच्या विमानांचे कॉम्प्युटर तिच्या हाताखाली आहेत. घरी आल्यावर तिला विचारलं, "खरं काय करतेस गो तू?"

ती हसली. म्हणाली, "विमानं नाहीत बाबा. प्रत्येक कॉम्प्युटरच्या पोटात एक मुख्य यंत्रणा असते, कर्नेल म्हणतात तिला. ती नवी नवी निघत राहते. पण कारखाने, इस्पितळं दर वेळी नवी घेत नाहीत. जुनी व्यवस्थित चाललीय ना, मग चालू दे. फक्त नव्यात एखादी चूक सुधारली की तेवढीच सुधारणा उचलून जुन्यात आणून बसवायची. ते माझं काम."

"म्हणजे ठिगळं लावतेस."

"ठिगळंच. पण बाकीचं कापड हलता कामा नये."

मग तिने मला समजेल असं सांगितलं. ती जे बघते ते यंत्रणेचं आतलं काम नव्हे, बाहेरची पाटी. मामलेदार कचेरीत बाहेर लिहिलेलं असतं ना, कुठला कागद कुठल्या खिडकीत द्यायचा, तसं. बाहेरचे प्रोग्राम ती पाटी वाचून आत काय मागायचं, कुठल्या क्रमाने मागायचं ते ठरवतात. तिला हेडर म्हणतात. आतला कारकून बदलला तरी कुणाचं अडत नाही. पाटी बदलली की माणसं भलत्याच खिडकीत उभी राहतात.

पाटी म्हटल्यावर मला बरं वाटलं. आमच्याच धंद्यातली निघाली. त्या दिवसापासून मी माझं कदेल, ती जुनी लाकडी खुर्ची, तिच्या खोलीत नेऊन ठेवलं आणि दुपारचा तिथं बसू लागलो. तिने कधी नको म्हटलं नाही.

त्या आठवड्यात ती तीन दिवस एकाच गोष्टीला चिकटून होती. मी विचारलं तेव्हा तिने बोट ठेवून दाखवलं. एक ओळ.

"ही कसली?"

"रिकाम्या जागेची. काही यंत्रांत इथं आपोआप जागा सुटते, काहींत सुटत नाही. मग एकाने ठेवलेलं दुसऱ्याला भलतीकडे सापडतं. म्हणून आता लिहूनच ठेवायचं, ही जागा रिकामी. नव्यात हे झालंय, मी ते जुन्यात आणते."

"तीन दिवस आणि एक ओळ, ती पण रिकाम्या जागेची," मी म्हटलं. "आणि पात्रांव, मालक तुझा, याचा पगार देतो?"

"देतो."

"मग मी जन्मभर चुकीचा धंदा केला."

ती पुन्हा हसली. पण माझं लक्ष त्या ओळीवर नव्हतं. वर-खाली बाकीच्या ओळी होत्या. डावीकडे एक शब्द, मध्ये मोकळी जागा, उजवीकडे दुसरा शब्द. उजवीकडचे शब्द एकाखाली एक यायला हवे होते. काही आले होते, सहा-सात ओळींतले आत सरकले होते. मला ते दाताखाली खडा आल्यासारखं झालं.

"हे वाकडं आहे."

"आहे."

"मग सरळ कर."

"नाही करायचं. मी पण पहिल्या दिवशी तेच म्हटलं होतं." तिने खुर्ची माझ्याकडे वळवली. "जुन्यात फक्त दुरुस्ती न्यायची बाबा, शोभा नाही. जो तपासतो त्याला एका नजरेत कळलं पाहिजे काय बदललंय. सहा ओळी उगाच हलल्या तर त्याला त्या सहाही तपासाव्या लागतात, आणि खरी दुरुस्ती त्यात बुडून जाते."

"पण दिसतंय वाकडं."

"दिसू दे. हात लावायचा नाही."

तिचा फोन वाजला. आमच्याकडे रेंज अंगणात जाऊनच मिळते, ती फोन घेऊन बाहेर गेली. मी तिच्या खुर्चीत जाऊन बसलो. लांब बटण दाबलं की जागा वाढते, कोपऱ्यातलं दाबलं की कमी होते, एवढं मी बघून बघून शिकलो होतो. बाणांच्या बटणांनी एक एक ओळ गाठली आणि सरळ केली. सहा केल्या. इतक्या वर्षांत माझ्या हाताखाली काही सरळ झालं नव्हतं, त्या दुपारी झालं. तिची पावलं ऐकली आणि माझ्या कदेलावर येऊन बसलो.

तिचं सगळं आधीच तपासून झालं होतं, पाठवायचं तेवढं राहिलं होतं. तिने उभ्यानेच दोन-चार बटणं दाबली आणि म्हणाली, "गेलं." मला वाटलं होतं तिला दिसेल आणि ती विचारेल, हे कुणी केलं. मी ते जपून ठेवायचं काही बटण दाबलं नव्हतं, तर कदाचित ते गेलंच नसेल असंही वाटलं. ते आपोआप जपलं जातं, हे नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. जुनी यंत्रणा सांभाळणारा एक माणूस आहे, दूर कुठेतरी थंड देशात. मुलीने त्याला कधी पाहिलेलं नाही. पण गेलं वर्षभर ती जे पाठवी ते तो फारसे प्रश्न न विचारता घ्यायचा, आणि या गोष्टीचा तिला अभिमान होता. त्याने तीन ओळी लिहिल्या होत्या, सगळ्यांना दिसतील अशा. तिने मला मराठीत सांगितल्या. दुरुस्तीशी संबंध नसलेल्या सहा ओळी का हलवल्या आहेत? जुन्यात असं करत नाहीत हे तुम्हाला माहीत आहे. या खेपेला हे घेता येणार नाही, पुढच्या खेपेला पाठवा.

"मी केलं नाही हे," ती म्हणाली.

मी कदेलाच्या हातावरची धूळ पुसू लागलो.

तिने पाठवलेलं पुन्हा उघडलं. बराच वेळ बघत बसली. मग चष्मा काढला. डावा डोळा तळहाताने झाकला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. मग उजवा झाकला.

इथं मला बायकोविषयी सांगायला हवं. तिचे डोळे काचबिंदूने गेले. सुरुवात झाली तेव्हा कुणाला कळलंच नाही. कडेचं दिसेनासं होत होतं. चहा कपाच्या बाजूला ओतायची आणि म्हणायची, मी नाही सांडला. आम्ही तिला हसायचो. डॉक्टरने नंतर सांगितलं, हे आईकडून मुलांकडे येऊ शकतं, मुलीला दर वर्षी दाखवत जा.

"आईचं असंच सुरू झालं होतं ना बाबा?" तिने विचारलं.

तेव्हा मी बोलायला हवं होतं. एक वाक्य होतं. मी म्हटलं, "तसं काही नसेल," आणि उठून अंगणात गेलो. एकाहत्तर वर्षांच्या माणसाने मुलीच्या खुर्चीत चोरून बसावं आणि नको म्हटलेलं करावं, हे तोंडातून निघेना. मला वाटलं, रात्रीपर्यंत ती विसरेल.

ती विसरली नाही. त्या माणसाला तिने लिहिलं की चूक माझी, माझं यापुढचं सगळं दोनदा तपासा, आणि पुढच्या खेपेचं माझं काम दुसऱ्याला द्या, मला डोळे दाखवून घ्यायचे आहेत. हेही तिनेच मला सांगितलं, जेवताना, शांतपणे. आमटी वाढताना तिने वाटीची कड आधी बोटाने चाचपली. मी ते पाहिलं आणि भात कालवत राहिलो. दोन दिवस ती अशी चाचपत फिरत होती. दाराच्या चौकटीतून जाताना हात पुढे करायची. मी बघत होतो.

शुक्रवारी म्हापशाला डॉक्टरकडे गेलो. मीच म्हटलं, सोबत येतो. बाजारचा दिवस, बसमध्ये उभं राहायला जागा नव्हती. दवाखान्यात तिला आत नेलं. एका यंत्रात डोकं घालायचं, बारीक दिवा दिसला की हातातलं बटण दाबायचं. मी बाहेर बाकावर बसलो होतो. देवाला हात जोडायचंही धाडस झालं नाही, कारण काय मागणार? मला तर ठाऊक होतं.

ती बाहेर आली. दोन्ही डोळे चांगले, दाब बरोबर, काही नाही. पुढच्या वर्षी या.

मला सुटल्यासारखं झालं. आता प्रश्नच मिटला, सांगायची गरज नाही, असंही मनात येऊन गेलं. खोटं कशाला लिहू.

पण बसस्टँडवर ती पेडण्याच्या बसमध्ये खिडकीशी बसली आणि म्हणाली, "डोळे बरे आहेत. मग डोकं बिघडलंय बाबा. मी बसून सहा ओळी सरळ केल्या आणि मला त्यातली एकही आठवत नाही. डोळ्यांचं असतं तर बरं झालं असतं. औषध तरी होतं."

बस सुटली. मी पुढच्या सीटच्या पाठीकडे बघून म्हटलं, "त्या मी सरळ केल्या."

कंडक्टर आला, तिने तिकिटं काढली. कोलवाळचा पूल आला तेव्हा तिने विचारलं, "कधी?"

"तू फोनवर होतीस तेव्हा."

"सातवी पण वाकडी होती. ती का सोडली?"

"तू आलीस."

माझ्या शेजारी उभी असलेली बाजारवाली बाई हसली, तिला काय कळलं कुणास ठाऊक. मुलगी हसली नाही.

"ओळींचं काही नाही," ती म्हणाली. आवाज अगदी खाली होता, गाडीतल्या माणसांसाठी. "ओळी एका बटणाने परत वाकड्या होतात. मी परवापासून एक एक डोळा झाकून घरात फिरतेय. भिंत धरून चालतेय. तुम्ही समोर बसून बघत होता."

"होय."

"आईचे डोळे गेले तसे माझे जाणार, हे मी मनात धरून बसले होते. तुम्ही जेवत होता."

धारगळ येईपर्यंत मी माझे हात बघत होतो. पिशवीत घालून ठेवावेत असं वाटत होतं.

संध्याकाळी मी तिच्या दारात उभा राहिलो आणि म्हटलं, "त्या माणसाला लिही. म्हाताऱ्या बापाने केलं म्हणून लिही. सगळ्यांना दिसेल असं लिही."

ती टाइप करत होती, थांबली नाही. "नाही लिहिणार."

"माझ्यामुळे तुझ्या नावाला डाग लागला."

"लागला. माझ्या नावाने गेलं ते माझं. पाठवण्याआधी मी परत बघायला हवं होतं, ती माझी चूक. त्याला मी एवढंच कळवते की डोळे ठीक आहेत आणि काम माझ्याकडेच राहू दे. पुढच्या खेपेला ती एक ओळ परत पाठवीन. तोवर ज्यांना हवी होती ते थांबतील." मग तिने माझ्याकडे बघितलं. "तुम्हाला मोकळं व्हायचंय बाबा. त्याच्यासाठी माझं पत्र कशाला?"

जन्मभर लोकांनी मला हट्टी म्हटलं, मला ते ऐकायला आवडायचं. तिने ते सुद्धा म्हटलं नाही. मी माझं कदेल उचललं. ते खोलीतून काढून पडवीत ठेवताना चौकटीला लागलं, आवाज झाला. राहू द्या असं ती म्हणेल म्हणून थोडा थांबलो. ती म्हणाली नाही.

सकाळी उठलो तर तिच्या खोलीचं दार बंद. हाताने ढकललं तर आतून कडी. आमच्या घरात दिवसा कधी कुणी कडी लावलेली नाही. आत बटणांचा टकटक आवाज येत होता, म्हणजे तिचं काम सुरू होतं. मी स्वयंपाकघरात गेलो. साखर कुठल्या डब्यात असते ते मला माहीत नव्हतं, चार डबे उघडावे लागले. चहा केला, जरा जास्तच काळा झाला. दाराशी येऊन म्हटलं, "चहा ठेवलाय गो." टकटक थांबली नाही. मी कप उंबऱ्याबाहेर जमिनीवर ठेवला, वर बशी झाकली, आणि मांजराने तोंड घालू नये म्हणून तिथंच भिंतीला टेकून खाली बसलो.