चावी काढली तरी

माझ्या नवऱ्याने कंपनी सोडून जुना डिझेल टेम्पो घेतला. चाकणहून भोसरीला सुटे भाग पोचवायचे, असं काम. मी चाकणच्याच एका कारखान्यात पेट्रोल इंजिनं तपासते. पेट्रोल इंजिनात हवा आणि इंधन साधारण दहापट दाबून ठिणगीने पेटवतात. ठिणगी बंद केली की इंजिन बंद. डिझेलमध्ये नुसती हवाच सोळा-अठरापट दाबली जाते आणि इतकी तापते, की आत आलेलं इंधन आपसूक पेटतं. टेम्पो निळा धूर सोडायला लागला तेव्हापासून मला हेच सुचायचं. टर्बोतून, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्यातून, इंजिन ऑइल आत गळत असेल तर तेही असंच पेटेल; चावी फक्त डिझेल तोडते, मग बंद कशाने करायचं?

"अहो, दाखवून घ्या ना," मी रोज म्हणायची.

"रविवारी बघू," हे म्हणायचे.

रविवारी सकाळी चिखलीच्या गॅरेजात मीही गेले. तिथले मेकॅनिक चाचा आमच्या ओळखीचे. त्यांनी बॉनेट उघडून हवेचा पाइप काढला आणि यांना गाडी सुरू करायला सांगितलं. इंजिन लागलं, आणि आवाज आपोआप चढायला लागला. यांनी चावी फिरवली, मग काढून खिडकीतून दाखवली. इंजिन थांबेना. अंगण निळ्या धुराने भरलं.

"उतरा!" मी ओरडले. हे स्टिअरिंग धरून बसलेलेच.

"भाभी, ती फळी द्या," चाचा म्हणाले. मी भिंतीला लावलेली फळी उचलून दिली. त्यांनी ती हवेच्या तोंडावर दाबली. आतल्या ओढीने फळी अशी चिकटली, की त्यांनी हात काढले तरी पडली नाही. इंजिन दोन आचके देऊन बंद पडलं.

हे बराच वेळ खाली उतरले नाहीत.

"उतरला का नाहीत?" मी घरी गेल्यावर विचारलं.

"गॅरेजच्या अंगणाला उतार आहे. हँडब्रेक धरत नाही. तुम्ही दोघं पुढ्यात उभे. पाय कसा काढणार ब्रेकवरून?"

हँडब्रेक धरत नाही, हे मला तेव्हा कळलं. सोमवारी मी सुट्टी टाकली आणि टर्बोबरोबर तोही दुरुस्त होईपर्यंत चाचांच्या गॅरेजातून हलले नाही.