न घेतलेला प्रसाद

मये गावात दत्तप्रसादसारखा ट्रक ड्रायव्हर नाही, असं लोक तोंडावर म्हणत. त्याच्यासारखा पिणाराही नाही, हे मात्र पाठीमागे. बाप सावंतवाडीकडून खाणीवर आला, मुलगा खनिजाचे ट्रक हाकू लागला आणि दिवसभराची धूळ रोज संध्याकाळी सोऱ्यानं, म्हणजे गावठी दारूनं, धुऊ लागला. लग्नाला वर्षं लोटली तरी घरात पाळणा हलेना. मग काय, सगळ्यांची बोटं बायकोकडे! गौरवीनं उपास केले, टोमणे गिळले. हा पठ्ठ्या मात्र तपासणीचं नाव काढलं की ट्रक घेऊन पसार.

शेवटी गौरवीनंच त्याला म्हापशाच्या डॉक्टरीणबाईंसमोर नेऊन बसवलं. तपासण्या झाल्यावर बाई स्पष्ट बोलल्या, "दोष तुमच्यात आहे. बीज तयार करायचा हुकूम मेंदूकडून जातो, तो दारूनं मंदावलाय. हॉर्मोनची इंजेक्शनं ते काम करतील. महिनोन्‌महिने घ्यावी लागतील, आणि गुण येईलच अशी खात्री नाही. पण दारू चालू ठेवलीत, तर सगळं पाण्यात."

दत्तप्रसाद मुळात हट्टी. दारू सोडली तसे हात थरथरले, झोप उडाली, दोस्तांनी 'बायलेचो गुलाम' म्हणून टर उडवली. बाईंच्या गोळ्यांवर त्यानं ते दिवस काढले, पण बाटलीकडे फिरकला नाही. सुई पाहून घाम फुटणारा हा गडी स्वतःच्या पोटात सुई टोचायला शिकला. आईला मात्र सांगितलं, पित्ताची इंजेक्शनं आहेत. खरं सांगायची लाज वाटली.

आणि तिथंच घोळ झाला. आई रुक्मिणीनं नातवासाठी गावच्या राखणदार देवचाराला सोऱ्याची बाटली नवसाला बोलली होती. रविवारी वाडीतली माणसं वडाखाली जमली. देवाला गाऱ्हाणं घालून झालं, अर्धा सोरो देवचाराच्या दगडावर ओतला, उरलेला प्रसाद म्हणून पेल्यात आला. रुक्मिणीनं पेला मुलापुढे धरला.

"घे रे झिला, परसाद तो. नाय म्हटलस तर देवचार कोपतलो."

वासानंच त्याच्या तोंडाला पाणी सुटलं. प्रसादाचा एक घोट, त्याला कोण दारू म्हणणार? समोर गौरवी श्वास रोखून उभी होती.

"नको आई," तो म्हणाला. "माका पित्त नाय. पोर होवचा म्हणून इंजेक्शना घेतंय. खोट माझ्यात आसा, गौरवीत नाय. ह्याच सोऱ्यान माका खाल्ल्यान."

लाजेनं त्याचे कान तापले होते, पण नजर त्यानं खाली घातली नाही. रुक्मिणीनं एकदा सुनेकडे पाहिलं. मग तिनं भरला पेला दगडावर उपडा केला.

"देवचारा," ती ओरडली, "ह्येचो वाटो पण तूच पी. आनि माझ्या झिलाक सोड!"