शेळ्यांच्या बाजूने एक मत

आमच्या गावच्या चित्रपट मंडळाचा अध्यक्ष पोरिंजू. छत्र्या दुरुस्त करणारा माणूस अध्यक्ष कसा, असं विचाराल, तर मंडळाचा टीव्ही त्याच्या ओसरीवर होता म्हणून. मंडळाकडे सिनेमाही एकच. एका नावाड्याचा, जुना, गाजलेला. पण त्याची धड प्रत म्हणून कुठे मिळायची नाही. मिळाली ती त्रिशूरच्या फुटपाथवरची दोन तबकड्यांची सीडी. चित्रावर मुंग्या फिरल्यासारख्या दिसायच्या, बोलणं अंदाजाने ओळखायचं.

पहिल्या तबकडीत नावाडी बापाशी भांडतो आणि भर पुरात होडी लोटतो. दुसरी लावली की नदीच गायब! डोंगरातला बाजार, शेळ्यांचा एक मिशाळ व्यापारी, त्याच्या तीन मुली आणि नुसता आरडाओरडा. पहिली तबकडी काळी-पांढरी, दुसरी रंगीत. कुणीतरी पाकिटात भलतीच तबकडी कोंबलेली, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पण आमचं मंडळ पडलं जाणकार! दामोदरन माश, म्हणजे आमचे हेडमास्तर, यांनी लगेच अर्थ लावला, "घर सोडलं की आयुष्यात रंग भरतो. देह बदलतो. मिशी येते." सगळ्यांनी माना डोलावल्या.

पोरिंजूला मात्र ते काळजाला भिडलं. त्याचा थोरला भाऊ औसेप्प असाच बापाशी भांडून आखाताकडे जाणाऱ्या गलबतात चढला होता. नंतर ना पत्र, ना निरोप. गलबत बुडालं, असं सारा गाव म्हणायचा.

"किती वर्षं त्याला अधांतरी टांगून ठेवणार?" बायको एलिकुट्टी म्हणायची. "फादरना सांगून त्याच्या आत्म्यासाठी मिस्सा तरी करू."

"जित्या माणसाचा मिस्सा?" पोरिंजू उसळायचा. "शेळ्या विकतोय तो कुठेतरी! तीन मुली आहेत त्याला!"

हे म्हणजे अतीच झालं. पण गडी तिथेही थांबला नाही. त्यातल्या थोरल्या पुतणीसाठी तो मनातल्या मनात स्थळं बघायचा, आणि एका सुताराच्या मुलाला त्याने नकारही दिला होता.

मग यंदा दामोदरन माशांचा जावई कोचीहून त्याच सिनेमाची नवी प्रत घेऊन आला. धुऊनपुसून लख्ख केलेली, पुठ्ठ्याच्या देखण्या डब्यात. ओसरी गच्च भरली. बिनदुधाचा कट्टन चहा झाला, केळ्याची भजी झाली. नावाड्याच्या कपाळावरचा घामसुद्धा दिसत होता! त्याने होडी लोटली. मधल्या धारेला ती उलटली. सकाळी नुसतं वल्हं काठाला लागलं, आणि उरलेला सगळा सिनेमाभर त्याची आई घाटावर बसून राहिली. एक शेळी म्हणून दिसली नाही.

"माश, तुमची मिशी कुठे गेली हो?" लोनप्पन न्हाव्याने टोमणा मारला.

"साफ करताना शेळ्या पुसल्या गेल्या असतील," माश घाम टिपत म्हणाले. "या शहरी लोकांचा काही नेम नाही."

झालं, जुंपली. काही म्हणाले, हाच खरा सिनेमा. काही म्हणाले, इतकी वर्षं पाहिला तो काय खोटा? शेवटी माशांनी ठराव मांडला: मंडळाने खरा कोणता मानायचा, त्यावर मत घ्या. हात वर झाले आणि बरोबर निम्मे-निम्मे निघाले. अध्यक्षाचं मत तेवढं राहिलं.

पोरिंजू टीव्हीकडे बघत बसला होता. 

"पोरिंजू चेट्टा, बोला की दादा!" लोनप्पन म्हणाला.

एलिकुट्टी दारात उभी होती. मंडळात तिला मत नव्हतं, पण गप्प बसणारी बाई ती नव्हे. हळूच म्हणाली, "अहो, बुडाला तो. कळलंय ना तुम्हाला?"

"कळलंय गं." पोरिंजूच्या डोळ्यांना धार लागली होती. त्याने हात वर केला. "पण मत विचारलंय ना? मग माझं मत शेळ्यांना."