रुमालाखालची बोटं

माझं लग्न जमलं नाही, असं आमचे हुबळीचे नातेवाईक म्हणतात. मी जमू दिलं नाही, असं मी म्हणते. खरं तर दोष मिरचीला द्यायला हवा. अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, बघायला आलेल्या मंडळींना घराआधी दुकान दाखवायची हौस होती. पाहुणे शिंकायला लागायचे ते पोहे संपेपर्यंत थांबायचे नाहीत. सांगलीकडचे एक गृहस्थ तर डोळे पुसत म्हणाले, "मुलगी चांगली आहे, पण घर फार तिखट आहे." ते गेल्यावर अप्पांनी निकाल दिला, "मिरचीच्या दुकानात शिंकतो तो परका." आम्ही घरातले कुणीच शिंकत नसू. अप्पांच्या डोळ्यांना तर मिरची झोंबलेली कुणी पाहिलीच नव्हती.

अप्पांचा पसारा मोठा होता. आजोबांनी एका पडक्या जागेशिवाय मागे काही ठेवलं नव्हतं, उभं केलं ते सगळं अप्पांनी. बाजारातलं ब्याडगी मिरचीचं दुकान हे मूळ. अमरगोळला मार्केट यार्ड झाल्यावर तिथं बांधलेलं गोदाम, कलघटगीकडची भाताची आणि आंब्याची जमीन, आणि आम्ही राहत होतो ते घर ही नंतरची कमाई. गोदामावर माझा मोठा भाऊ बसे. त्याला आम्ही अण्णा म्हणायचो. माझ्या पाठच्या धाकट्याला मिरचीचं वावडं होतं. गोकुळ रोडला भाड्याच्या शेडमध्ये दोन लेथ टाकून तो काळ्या हातांनी सुखात होता.

आणि दुकानात मी. सत्तर सालाच्या सुमारास माझं कॉलेज संपलं, त्याच वर्षी अप्पांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला. मिरचीचा व्यापार म्हणजे रंगाचा व्यापार. "जरा रंग बघायला ये," म्हणून त्यांनी मला दुपारी बोलावलं. ती मी परत घरी बसायला गेलेच नाही. पोत्यात हात घालावा, मूठभर मिरची उन्हात धरावी, ओल्या बोटानं साल चोळून तळहातावर लाली बघावी, यात मला जे सुख होतं ते सांगितलं तर लोक हसतील. सुरुवातीला शेतकरी माझ्या खांद्यावरून मागं बघायचे, बाप्या माणूस कुठं दिसतो का म्हणून. पुढं पुढं ते गाडीवरूनच विचारायला लागले, "अक्का अदारेनु?" अक्का आहे का? मी असले तरच पोतं उतरायचं. अप्पांची दृष्टी पुढं ऑपरेशननं सुधारली, पण रंग बघायचं काम त्यांनी परत मागितलं नाही.

अप्पांना अभिमान होता तो रुमालाखालच्या सौद्याचा. जुन्या बाजारात भाव तोंडानं बोलत नसत. घेणारा आणि विकणारा हात हातात घेत, वर रुमाल टाकत आणि आत बोटं दाबून भाव ठरत असे. भोवती वीस माणसं उभी असली तरी कुणाला काही कळायचं नाही. एकाची हाव दुसऱ्याला दिसत नाही आणि नकार मिळाला तरी चारचौघांत तोंड पडत नाही, हे त्यातलं मर्म. जो कुणी आतला भाव मोठ्यानं बोलेल, त्यानं उभ्या असलेल्या सगळ्यांना चहा-भजी द्यायची असा दंड होता. यार्डात गेल्यावर हे बंद झालं. तिथं सगळं उघड. "बाजार हाय की भाजी मंडई?" म्हणून अप्पा दिवसभर कुरकुरत, पण खांद्यावरचा रुमाल काही त्यांनी सोडला नाही.

ऐंशी साल उलटलं आणि अप्पांनी वाटणीचा विषय काढला. त्यांच्या स्वतःच्या भावाशी त्यांचं कोर्ट झालं होतं, तेही आजोबांच्या त्या पडक्या जागेपायी. काका समोरच्याच गल्लीत राहायचे, पण दिवाळीचा फराळसुद्धा इकडून तिकडे जात नसे. "मी असताना होऊ दे," अप्पा म्हणाले. "मी गेल्यावर वकिलांची घरं बांधू नका."

तेव्हापासून माझी झोप उडाली. मला दुकान हवं होतं. दुसरं काही नको, फक्त दुकान. पण हे बोलणार कुणाकडे? आमच्यात बहिणीनं मागायचं नसतं. भाऊबीजेला ताटात जी ओवाळणी पडेल ती कपाळाला लावायची. तोंड उघडून वाटा मागितला की माहेर तुटलं. आणि मला तर माहेर हेच घर! आईनं माझी सोय मनातल्या मनात कधीच लावून ठेवली होती. "तुला काय कमी हाय ग? मागची खोली हाय, माझं दागिनं हाईत, दोन वेळचं जेवण हाय."

"म्हशीला पण गोठा आणि दोन वेळची वैरण असते," मी म्हटलं.

"म्हैस उलटं बोलत न्हाई," आई म्हणाली.

दुकान अण्णाला जाणार हे सगळ्यांनी धरलंच होतं. बापाची गादी थोरल्याची, यात विचारायचं काय! अण्णा वाईट असता तर मला भांडता तरी आलं असतं. पण तो इतका सरळ की मी मागितलं असतं तर त्यानं मान खाली घालून दिलं असतं आणि जन्मभर बाजारात खाली मान घालूनच फिरला असता. ते मला नको होतं. आणि दुकान सुटलं तर माझं काय उरणार होतं? दुसऱ्याच्या घरात राहणारी, लोणचं बरं घालणारी एक आत्या. रात्री आढ्याकडे बघत मी स्वतःवरच चिडायची.

अप्पांनी भाऊबीजेचा दिवस धरला. दोघा भावांना मी ओवाळलं, जेवणं झाली. अप्पा पुढच्या सोप्यात चटईवर बसले आणि खांद्यावरचा रुमाल काढून त्यांनी मांडीवर पसरला. "तिघांनी एकेक करून यायचं," ते म्हणाले.

"तिघांनी?" आईनं विचारलं.

"मग? लेकरं किती आपली?"

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत होती, ती पुसतच राहिली. 

अप्पांनी हात वर करून बोटं दाखवली. "हे बघा. तोंडानं मागितलं की भांडण होतंय. न्हाई मागितलं तर मनात राहतंय, ते भांडणाहून वाईट. म्हणून रुमाल. पयलं बोट दुकान. मधलं बोट अमरगोळचं गोदाम. त्याच्या शेजारचं कलघटगीची जमीन. अंगठा म्हणजे हे घर आणि आमी दोघं म्हातारी, ते आत्ता वाटायचं न्हाई. ज्याला जे पायजे ते बोट धरायचं. कुणी काय धरलं ते माझ्याजवळ राहील. तोंड खोटं बोलतंय, बोटं बोलत न्हाईत."

आधी अण्णा गेला, मग मी. रुमालाखाली अप्पांचा हात उबदार आणि खरखरीत होता. मी डोळे मिटले आणि पहिलं बोट घट्ट धरलं. इतक्या वर्षांत न बोललेलं सगळं त्या एका बोटावर आलं. अप्पांचा चेहरा दगडाचा. सौद्याला बसलेल्या माणसाचा असतो तसा.

शेवटी चकली खात धाकटा गेला आणि हात घालून लगेच परत आला.

अप्पा म्हणाले, "परत करायला लागतंय. दोघांनी एकच बोट धरलंय. आणि एका शहाण्यानं अंगठा धरलाय."

सगळ्यांनी धाकट्याकडे बघितलं. तो दुकानात कधी बसलाच नव्हता, रुमाल त्याला काय ठाऊक! "मला वाटलं अंगठा म्हणजे तुम्ही द्याल ते चालंल," तो म्हणाला. "सहीला करतात न्हवं तसा."

"अय्यो, मग आमालाच घेऊन जा की गोकुळ रोडला," आई म्हणाली. "लेथवर बसवून ठेव." सगळे हसले. मी पण हसले, पण आतून गार पडले होते. दोघांनी एकच बोट धरलं, म्हणजे ते दुकानच. आणि दुसरा म्हणजे अण्णाच. मी मघाशी ज्याला ओवाळलं त्याच्याच तोंडचा घास ओढत होते. पदराचं टोक बोटाला गुंडाळत मी खाली बघत बसले.

दुसऱ्या फेरीत अण्णा गेला आणि आला. मी गेले. रुमालाखाली हात घातला, पहिल्या बोटाला नुसता स्पर्श केला आणि सोडून दिलं. मग अंगठा धरला. तुमच्याजवळ राहीन, दुसरं काही नको. अप्पांनी माझा हात लगेच सोडला नाही. जरा वेळ तसाच धरून ठेवला, मग म्हणाले, "जा."

धाकट्यानं या खेपेला नीट विचारून घेऊन बोट धरलं. तो परत आल्यावर अप्पांनी रुमाल उचलला आणि झटकला. मिरचीच्या दुकानातला रुमाल तो, वहिनी दारातच शिंकली.

"गोदाम एकानं मागितलं, जमीन एकानं मागितली," अप्पा म्हणाले. "आणि अंगठा परत एकानं धरलाय."

"या टायमाला मी न्हवं!" धाकटा ओरडला.

"दुकान कुणीच मागितलं न्हाई." अप्पा रुमालाची घडी घालायला लागले. "जन्मभर या रुमालाखाली परक्यांशी सौदे केलो, एकानं पण मला फसवलं न्हाई. आज घरच्या दोघांनी फसवलं. बरं. कुणाला नको असलेली वस्तू ठेवून काय करायची? इकून टाकतो. बाजारात गिऱ्हाईक रांगेत उभं हाय."

"नाही!"

हा शब्द कुणाच्या तोंडून आला हे कळायला मला स्वतःलाच क्षणभर लागलं. मी उभी राहिले होते. "विकायचं नाही. मला पाहिजे दुकान. मला पाहिजे. गेली कित्येक वर्षं मी तिथं बसते, मला ते सोडून काही येत नाही आणि काही नको पण आहे. खोली नको, दागिने नकोत. दुकान द्या." आवाज समोरच्या गल्लीतल्या काकांपर्यंत गेला असणार. मग मी अण्णाकडे वळले आणि रडायलाच लागले. "तुझं आहे ते, मला माहिती आहे. तरी मला पाहिजे."

आईनं कपाळाला हात लावला. आता माहेर तुटलं, असं मला वाटलं.

अण्णा मात्र हसत होता. खांदे सैल सोडून, अगदी लहानपणी हसायचा तसा. "पयल्या बारीला मी ते बोट धरलो ते भीतीनं," तो म्हणाला. "थोरल्यानं गादी मागितली न्हाई तर बाजार काय म्हणंल म्हणून. अप्पा 'दोघांनी' म्हणाले आणि मी तुझं तोंड बघितलो, ब्याडगीसारखं लाल झालतं. म्हणून सोडलो. मला गोदामच बरं वाटतंय ग. यार्डातला आरडाओरडा मला आवडतोय. पण तू कशाला अंगठा धरलीस? एवढं पायजे होतं तर तोंडानं बोलायला काय झालतं?"

"आमच्यात बहिणी मागत न्हाईत," आई पुटपुटली.

"आता मागितलं की एकीनं," अप्पा म्हणाले. "आभाळ काय पडलं न्हाई." त्यांनी रुमाल खांद्यावर टाकला आणि तोंड एकदम व्यापाऱ्याचं केलं. "पण रुमालाखालचं मोठ्यानं बोललीस. दंड बसला. सगळ्यांना चहा-भजी."

असं ते ठरलं. पुढं वकिलाकडं जाऊन कागद झाले, त्यावर धाकट्यानं सही केली, अंगठा नाही, आणि हा विनोद तो अजून सांगतो. बाजारात काही दिवस कुजबुज झाली. अण्णाला कुणी खोचकपणे विचारलं की तो म्हणे, "दुकान अक्काचं. रंगाचं काय असंल तर तिकडंच जावा, मला तो कळत न्हाई." आई महिनाभर फुरंगटली होती, मग एक दिवस स्वतःच डबा घेऊन दुकानात आली आणि गल्ल्यामागच्या कोळिष्टकांवरून मला बोलून गेली. तेव्हा मी समजले की माहेर जागेवर आहे.

पण मला सांगायचं आहे ते कागद झाल्यानंतरच्या पहिल्या सकाळचं. मी एकटीनं दुकान उघडलं. उदबत्ती लावली, पोत्यांची तोंडं सोडली आणि गादीवर बसले. रोज मी गादीच्या शेजारी बसायची, त्या दिवशी गादीवर. बसवेना. सारखं वाटे, कुणीतरी येऊन ऊठ म्हणेल.

थोड्या वेळानं अप्पा आले. पायरीपाशी थांबले. चपला काढल्या. ज्या उंबऱ्यावरून ते जन्मभर खाली न बघता आत आले होते, तो ओलांडेनात.

"आत येऊ काय?" त्यांनी विचारलं. "दंड वसूल करायला आलोय."

मी नुसतीच मान हलवली. ते तसेच उभे. "मोठ्यानं बोल की. आता येतंय न्हवं तुला."

"या अप्पा," मी म्हटलं. "आत या."

ते आत आले आणि गिऱ्हाइकांच्या बाकावर, भिंतीला टेकून बसले. सगळीकडं एकदा नजर फिरवली. मग खांद्यावरचा रुमाल काढून डोळे पुसायला लागले, एकदा, परत एकदा.

"यंदाची मिरची तिखट हाय," म्हणाले.

ब्याडगी रंगाला जबर आणि तिखटाला मवाळ, हे मला त्यांनीच शिकवलेलं. मी समोरच्या हॉटेलातल्या पोराला हाक मारून दोन चहा आणि भजी सांगितली.