मीटर बरोबर आहे

घाबरटपणाचे किस्से एकटे येत नाहीत. एकाने आपली फजिती सांगितली की दुसऱ्याला त्याहून मोठी आठवते. आमच्या ट्रायथलॉनच्या ग्रुपमध्ये रविवारच्या पोह्यांबरोबर हेच चालतं. पोहणं, सायकल, धावणं, तिन्ही एकाच दिवसात पाठोपाठ करणारी आम्ही माणसं. बाहेरून शूर वाटतो. पण दर सहा आठवड्यांनी आमच्या कोचचा, सावंत सरांचा मेसेज येतो, 'रविवारी पॉवर टेस्ट', आणि शनिवारपासून जो तो न येण्याची कारणं शोधतो.

घोडबंदर रोडला अकराव्या मजल्यावर सरांचा फ्लॅट. हॉलमध्ये स्टँडवर घट्ट बसवलेली सायकल. वीस मिनिटं जीव खाऊन पेडल मारायचं. पायांनी किती जोर लावला तो आकडा सायकलचं मीटर वॅटमध्ये समोरच्या स्क्रीनवर दाखवतं, आणि पुढचा सगळा सराव त्यावर ठरतो. शर्यतीत सायकलवर किती जोर लावला तर धावायला पाय उरतील, तेही त्यावरूनच. लग्न ठरवताना सासऱ्यांसमोर बसलो होतो, तेव्हाही मला एवढा घाम फुटला नव्हता!

आमची केतकी दातांची डॉक्टर. दिवसभर लोकांना घाबरवते, पण टेस्टला बसली की स्क्रीनवर नॅपकिन टाकते. वीस मिनिटं संपली तरी काढत नाही. एकदा सरांनी विचारलं, अगं, मग आकडा बघणार कोण? म्हणाली, "तुम्ही बघा आणि माझ्या नवऱ्याला सांगा. तो मला हळूहळू सांगेल."

ठाण्यात बँकेत असलेल्या प्रसादने डोकं चालवलं. आकडा कमी आला तर सरावही हलका मिळणार, म्हणून त्याने टेस्टमध्ये मुद्दाम हात राखून पेडल मारलं. सरांनी आकडा लिहून घेतला. पुढच्या रविवारी कल्याण ते मुरबाड राइड होती. सरांनी बजावलं, तुझा जो आकडा आलाय त्याच्या वर जायचं नाही, संध्याकाळी तुझ्या सायकलच्या मीटरचं रेकॉर्डिंग बघणार. शहाडच्या पुलावर किटल्या लावलेला एक दूधवाला त्याला मागे टाकून गेला. जाता जाता म्हणाला, "दादा, हवा कमी आहे का चाकात?"

पुढची टेस्ट प्रसादने इमानदारीत दिली आणि संपल्यावर कण्हत जमिनीवर आडवा झाला. आवाज ऐकून खालच्या मजल्यावरचे पाटीलकाका फोडलेला कांदा घेऊन धावत वर आले. त्यांना वाटलं, फिट आली. प्रसादच्या नाकाला कांदा लावून आम्हालाच झापलं. तेव्हापासून टेस्टच्या रविवारी काका दाराजवळ एक कांदा काढून ठेवतात. आम्ही यावर खूप हसायचो.

महेशदादाच्या टेस्टला कांदा लागला नाही. तो डोंबिवलीचा, शाळेत गणित शिकवतो, वय एक्कावन्न. त्याचा आकडा ठरलेला, दोनशे दहाच्या आसपास. त्या दिवशी आला एकशे बहात्तर. ना छातीत दुखलं, ना चक्कर आली. आता आकडा घसरला की दोष मीटरचा, ही आमची जुनी रीत. सगळे एका सुरात म्हणालो, मीटर गंडलंय. बॅटरी बदलली, मीटर शून्यावर आणून पुन्हा लावलं, आणि पुढच्या रविवारी दादाला परत बसवलं. एकशे पासष्ट. परत जीव खाऊन, वीस मिनिटं!

मग मीटर तपासायला सर स्वतः बसले. आम्ही स्क्रीनभोवती उभे. सरांचा आकडा दरवेळी येतो तोच आला.

दादाच शेवटी म्हणाला, "म्हणजे मीटर बरोबर आहे."

सरांनी गाडीची चावी उचलली आणि दादाला थेट हॉस्पिटलमध्ये नेलं. डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाच्या दोन रक्तवाहिन्या जवळजवळ बंद आहेत. त्याच आठवड्यात स्टेंट टाकले. पुढचे चार महिने आमच्यापैकी कोणीही टेस्ट दिली नाही, आणि सरांनीही विचारलं नाही.

गेल्या महिन्यात डॉक्टरांच्या परवानगीने दादा पहिल्यांदा आला. दहा मिनिटं, अगदी हलकं. बरोबर वैशालीवहिनी होत्या. इतकी वर्षं त्या कधी वर आल्या नव्हत्या, त्यांना हा नाद पसंतच नव्हता. केतकीने न सांगता स्क्रीनवर आपला नॅपकिन टाकला. पाटीलकाका दारात येऊन उभे राहिले, कांदा पाठीमागे धरून. वहिनींनी खुर्ची सायकलला चिकटवून घेतली, हँडलवरच्या दादाच्या मनगटावर नाडीशी दोन बोटं ठेवली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिल्या.

दहा मिनिटांनी चाक थांबलं. सर नॅपकिन काढायला पुढे झाले.

"राहू द्या, सर," वहिनी म्हणाल्या. "मी मोजलेत."